एका झाकणापायी गेलेला फोन

तमाम पुणेकरांना, विशेषतः कपाटाच्या खालच्या खणात जुने फोन साठवून ठेवणाऱ्या सुजाण नागरिकांना, या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, खाली सही करणारी बाई, वय वर्षे सत्तेचाळीस, राहणार धायरी, व्यवसायाने माहितीच्या सुरक्षिततेवर व्याख्यानं देणारी, हिने एका शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, आपल्या सख्ख्या बहिणीची सर्वांत खाजगी गोष्ट स्टीलच्या एका झाकणाच्या बदल्यात भांडीवालीला देऊन टाकली. हरकती असल्यास नोंदवाव्यात. मुदत केव्हाच संपली आहे.

सत्तेचाळीस हे तेव्हाचं वय. आता त्यात भर पडली आहे. हा किस्सा मी आजवर पुष्कळ घरांत, दोन बारशांत आणि एका निरोप समारंभात साभिनय सांगितला आहे, पण अर्धाच. भांडीवालीचा आवाज काढते, झाकणाशी येऊन थांबते, लोक हसून हसून बेजार होतात आणि मी चहा घेते. पुढचं सांगायची सोय नव्हती, कारण पुढचं माझं नव्हतंच. आता ताईने परवानगी दिली आहे. "लिही," ती म्हणाली, "तू नाहीतरी सांगत सुटणारच. लिहिलंस तर निदान शुद्धलेखन तपासता येईल मला."

आधी माझा हुद्दा सांगते, म्हणजे अपराधाचा आकार लक्षात येईल. मी मूळची टंकलेखनाच्या क्लासातली. पुण्यात संगणकाच्या कंपन्या आल्या तेव्हा आमच्यासारख्या भराभर टाइप करणाऱ्या मुलींना कुठे ना कुठे खुर्ची मिळाली, आणि मी एका खुर्चीवरून दुसरीवर सरकत सरकत हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत पोचले. तिथे फाटकावरचा पहारेकरी रोज सकाळी प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर एक गोल चिकटपट्टी लावायचा. आतलं काही टिपून बाहेर जाऊ नये म्हणून. संध्याकाळी ती आपण सोलायची. माझ्या फोनच्या पाठीवर वर्षानुवर्षांचा डिंक होता.

या कंपनीत नव्याने आलेल्या मुलामुलींना गुपितं कशी सांभाळायची ते शिकवणं हे माझं काम. हे काम मी काय रंगवायचे म्हणून सांगू. दबक्या पावलांनी मजल्यावर शिरायचे, कोणी संगणक उघडा टाकून चहाला गेलेलं दिसलं की त्याच्या नावाने सगळ्या विभागाला पत्र पाठवायचे, "उद्या माझ्यातर्फे सर्वांना मिसळ." बिचाऱ्याला मिसळ द्यावी लागे आणि धडा जन्मभर लक्षात राहत असे. जुनं यंत्र कंपनीबाहेर काढायचं तर त्यातली साठवणीची तबकडी आधी काढायची, तिचा चुरा करायचा, आणि तीन जणांनी सह्या करायच्या. तिसरी सही माझी असे. मी ती झोकदार करायचे.

माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. शहरातल्या एका मुलींच्या शाळेत ती तीस वर्षं गणित शिकवत होती. त्यामुळे पुण्यात कुठेही जा, बँकेत, दवाखान्यात, साडीच्या दुकानात, कोणीतरी चटकन उभं राहून "बाई!" म्हणतं आणि पोट आत घेतं. ताई एकटी राहत असे, आणि त्याचा तिला काही त्रास नव्हता. मग तिच्या डाव्या बाजूला गाठ निघाली, आणि तो स्तन काढून टाकावा लागला.

हे फक्त चौघांना ठाऊक होतं. ती, मी, माझा नवरा आणि डॉक्टरीणबाई. शाळेत तिने पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून रजा टाकली. मी म्हटलं, अगं, आजारपणात लपवण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असते तेव्हा चाळीस मुली माझ्याकडे बघत असतात. त्या काय शोधतील, ते मला नकोय." पित्ताशयाचा तो अर्ज मीच शाळेत नेऊन दिला.

ऑपरेशननंतर सहा आठवडे ती आमच्याकडे धायरीला होती. जखम नीट भरत नव्हती, आणि वाहतुकीतून रोज दवाखान्यात जाणं तिला झेपण्यासारखं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज एक फोटो काढून ठेवा, आठवड्याने याल तेव्हा मला सगळे ओळीने दाखवा. ताईने त्यासाठी कायदेकानून केले. फोटो तिच्याच फोनवर. ("तुझ्या फोनमध्ये सगळं गाव येऊन जातं.") कोणालाही पाठवायचा नाही, डॉक्टरीणबाईंनासुद्धा नाही, फोन नेऊन हातात दाखवायचा. गळ्याच्या वरचं काही यायला नको. फोनला कुलूप, आणि कुलपाचा आकडा फक्त तिच्या डोक्यात. रोज सकाळी नवऱ्याला भाजी आणायला खाली पिटाळायचं, पडदा ओढायचा, मी फोन धरायचा आणि ती भिंतीला टेकून छताकडे बघत उभी राहायची. त्या सहा आठवड्यांत आमच्या घरात इतकी कोथिंबीर आली की शेजारी वाटून टाकली.

फोटो काढताना मी बडबड करायचे. छायाचित्रकाराचा आवाज काढायचे, "थोडं उजवीकडे, हं, हसा." ती हसायची नाही. पण "गप्प बस" असंही म्हणायची नाही, म्हणजे मी बडबडत राहावं असं तिला वाटत असावं.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना हात किती वर जातो ते पाहायचं होतं. व्रण ओढला जातो का ते दिसायला हवं, म्हणून अंगावर काही न घालता हात उचलायचा आणि त्याचा व्हिडिओ काढायचा. हात पूर्ण दिसावा म्हणून मी जरा लांब उभी राहिले. ताई आकडे मोजत हात वर नेऊ लागली, एक, दोन, तीन, अगदी वर्गातल्यासारख्या ठाम आवाजात. सातला तिचा चेहरा पिळवटला. आठ म्हणताना आवाज फुटला. नऊ झालंच नाही.

मग तिने व्हिडिओ बघितला आणि विचारलं, "चेहरा कशाला घेतलास?"

"आला गं चुकून. पुन्हा काढू?"

"नको. आज पुन्हा एवढा वर जाणार नाही."

तो व्हिडिओ राहिला. तिचा चेहरा, तिचा आवाज आणि तिचं उघडं अंग, तिन्ही एकत्र असलेली जगातली ती एकच वस्तू. आणि ती फोनमध्येही नव्हती. मधेच कधीतरी फोन 'जागा संपली' म्हणायला लागला होता, तेव्हा मी माझ्याकडचं एक नखाएवढं मेमरी कार्ड त्यात घातलं आणि सगळे फोटो त्यात जातील अशी व्यवस्था करून दिली. कुलूप होतं ते फोनला. कार्ड काढून दुसऱ्या कुठल्याही यंत्रात घातलं की आतलं सगळं जसंच्या तसं समोर येतं. हे मला ठाऊक होतं. हे ठाऊक असण्याचाच मला पगार मिळत होता.

ताई घरी परतायच्या सुमाराला तो फोन बंद पडला. पडदा काळा तो काळाच. तिने नवा घेतला आणि जुना माझ्या हातात दिला. "हा तुझ्याकडे राहू दे. माझ्याकडे असला तर मी कुठेतरी नेऊन दुरुस्त करीन आणि बघत बसेन." मी तो कपाटाच्या खालच्या खणात, आमच्या घरच्या निवृत्त फोनांच्या शेजारी ठेवला. माझा स्वतःचा जुना फोनही तिथेच होता. दोघींनी एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले, एकाच काळ्या रंगाचे.

आता शनिवार सकाळ.

आमच्या इमारतीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बाई यायची. वाहनतळात भांड्यांची चळत मांडायची, भोवती आम्ही सगळ्या जमायचो. पूर्वी तिला साड्या आणि पँटी हव्या असायच्या. पण मधल्या काळात लोकांची चव बदलली तशी तिचीही बदलली.

"वहिनी, तीन साड्या नि दोन पँटींवर एवढं मोठं पातेलं न्हाय बसत," ती म्हणाली.

"का नाही बसत? ती साडी बघ, काठ पैठणीचा आहे."

"काठ पैठणीचा हाय. साडी कुजलीया."

बायका हसल्या. मला स्फुरण चढलं. पुढे बाई म्हणाली, "कपड्याला आता कोण इचारतंय? बंद पडलेलं फोन हायत का? फोनावर देते."

मी वर जाऊन तीन फोन आणले. पातेलं माझं झालं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तिने झाकण बाजूला काढून ठेवलंय.

"झाकण?"

"झाकणाचं कुठं ठरलं हुतं?"

"बिनझाकणाचं पातेलं मी काय डोक्यावर घालू?"

"घाला की. शोभंल. न्हायतर अजून एक फोन टाका, झाकण देते."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "सोडू नका हो झाकण." मी सोडणार होते थोडीच? पुन्हा वर गेले. खणात दोन काळे फोन उरले होते. मी एक उचलला. कुठला ते पाहिलं नाही, कारण मी जिंकत होते. खाली आले, फोन तिच्या पिशवीत टाकला, झाकण पातेल्यावर ठेवून वाजवून दाखवलं. काकू म्हणाल्या, "तुमच्याकडून शिकावं बाई." बारशांत मी किस्सा इथे थांबवते.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी ताईचा फोन आला. तिचा आवाज हलका होता. वर्षाची तपासणी चांगली आली होती. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता फोटोंची गरज नाही. तर रविवारी येते तुझ्याकडे, तो फोन मोडून टाकू. तुझा लोखंडी खलबत्ता काढून ठेव."

"ये ना," मी म्हणाले आणि बोलता बोलताच खण उघडला. त्यात एकच काळा फोन होता. मागे चिकटपट्टीचा डिंक. माझा.

मी ताईला काही सांगितलं नाही. रविवारपर्यंत सगळं निस्तरता येईल असं मला वाटलं. दोन दिवस मी कामावर गेले, व्याख्यान दिलं, मुलांना हसवलं, आणि प्रत्येक वाक्याच्या मागे तो व्हिडिओ चालू होता. एक, दोन, तीन. तो कोणाच्या तरी हाती लागणार, तो दोन मित्रांना पाठवणार, त्यातल्या एखाद्याची बहीण ताईच्या शाळेत असणार. फार लांबून यायची गरजच नव्हती. तीस वर्षं शिकवलेल्या मुली, त्यांच्या मुली, त्यांच्या आयांचे गट. ताई फळ्याकडे वळणार आणि चाळीस जणी बघणार. त्यांना आता शोधावंही लागणार नव्हतं.

शुक्रवारी रजा टाकली. इमारतीच्या पहारेकऱ्याने सांगितलं होतं की भांडीवाली सकाळी स्वारगेटला बस डेपोच्या मागच्या बाजूला बसते. तिथे बायका जमलेल्या कपड्यांच्या राशी लावत होत्या, सुती वेगळं, टेरिकॉट वेगळं. तिने मला लांबूनच ओळखलं.

"झाकणवाल्या वहिनी! काय, पातेलं गळतंय व्हय?"

"पातेलं घे, झाकण घे, हवं तर कुकर देते. शेवटचा दिलेला फोन परत दे."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. "बाईमाणसाचं काय हाय का त्यात?"

मी मान डोलावली.

"मग तवाच बोलायचं न्हाय का," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या पोरीचा फोन इकला तवा त्यातलं कार्ड मी आधी दातानं मोडलं. दोन तुकडं. मग दिला." तिने दाताने मोडायची कृती करून दाखवली. कंपनीत त्यासाठी आम्हाला एक यंत्र आणि तीन सह्या लागत.

फोन तिच्याकडे नव्हते. ती ते वजनावर बुधवार पेठेतल्या एका दुकानात देत असे. तिने खाणाखुणा सांगितल्या आणि मी रिक्षा केली.

दुकान चिंचोळं होतं. पुढे चार्जर आणि रिमोटच्या माळा, मागे टेबल, टेबलाशी साठीचा मालक, आणि काउंटरवर त्यांची सून बिलं करत बसलेली. मी मालकांना म्हटलं की चुकून एक फोन भंगारात आला आहे, त्यात एक कार्ड होतं.

"फोन पुढे गेले, मॅडम. फोडायला. कार्डं मात्र आम्ही आधी काढून घेतो." त्यांनी टेबलाखालून श्रीखंडाचा एक किलोचा डबा काढला आणि माझ्यापुढे उघडला. आत कार्डंच कार्डं. नखाएवढी, काळी, एकसारखी. "बसा इथे. हा संगणक घ्या. बघा सापडतंय का. बाहेर न्यायचं नाही हं."

"ही पुसलेली असतात का?"

"घेणारा पुसतो की," ते म्हणाले. "कोणाला वेळ आहे?"

मी बसले. एकेक कार्ड घालायचं, उघडायचं, आपलं नाही म्हटलं की काढायचं.

इथे मला माझ्याबद्दल वाईट सांगायचं आहे, तर सांगते. पहिल्या दहा कार्डांत मला मजा वाटली. एका गृहस्थांनी आरशासमोर निरनिराळे टोप घालून स्वतःचे फोटो काढले होते, डोक्यावर केस असलेले आणि नसलेले. कोणीतरी एकाच मांजराचे दोनशे फोटो. एका मुलाने हॉस्टेलच्या खोलीत एकट्याने केलेला नाच. नाच चांगला होता, मी शेवटपर्यंत पाहिला. मग कॉटवरचं नुकतं जन्मलेलं बाळ. नाकात कापूस घातलेले एक आजोबा, भोवती माणसं. कंपनीच्या फाटकावर फोनच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावून घेणारी, दुसऱ्यांच्या उघड्या संगणकावरून मिसळ वाटणारी मी, त्या टेबलावर तासभर लोकांच्या घरात शिरून बघत होते आणि माझ्या हे ध्यानातही आलं नाही.

तिसाव्या की एकतिसाव्या कार्डात एक पाठ होती. बाईची. पाठीवर निळे वळ. आरशात मागे बघत, एका हाताने काढलेले फोटो, रोज एक, मागे तीच भिंत, तेच कॅलेंडर. पहिल्या दिवशी निळे, मग हिरवट, मग पिवळे. कोणाला तरी दाखवायला म्हणून ओळीने ठेवलेले. आमच्या फोटोंसारखेच. फक्त हिचा फोन धरायला कोणी नव्हतं, बडबड करायलाही नाही.

मी ते कार्ड काढलं. पुढचं घातलं नाही. या क्षणी आणखी कुठल्या तरी टेबलाशी कोणीतरी बसलेलं असेल आणि ताईचा हात बघत असेल, सातपर्यंत, आठपर्यंत, मजा वाटून.

मी दुकानाबाहेर येऊन ताईला फोन लावला. तिच्या मागे मुलींचा गोंगाट होता.

"ताई, तो फोन माझ्याकडे नाहीये."

"मग कुणाकडे आहे?"

"भांडीवालीला दिला. चुकून."

गोंगाट बारीक झाला. ती कुठेतरी आडोशाला गेली असावी. "कशावर?"

"झाकणावर."

"पातेल्याच्या?"

"हो."

मग म्हणाली, "कार्ड त्यातच होतं."

"हो."

"पत्ता सांग."

शाळा सुटल्यावर ती आली. खांद्यावर वह्यांची पिशवी, उजव्याच खांद्यावर, डावा तिला अजून चालत नसे. माझ्याकडे बघितलंही नाही. तिने श्रीखंडाचा डबा बघितला.

"किती बघितलीस यातली?"

"तीसेक."

"म्हणजे तीस जणांकडे न सांगता जाऊन आलीस." तिने डब्याचं झाकण लावलं. "पुरे."

"अगं, पण अजून शंभरेक..."

"पुरे म्हटलं ना."

तेवढ्यात काउंटरवरची सून उठून उभी राहिली. "बाई! ओळखलंत का मला? दहावी अ. माझी मुलगी आता तुमच्याच वर्गात आहे, सहावीला." ती काउंटरमागून बाहेर येऊन नमस्काराला वाकली. "बरं आहे ना आता? पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं ना तुमचं? आम्ही सगळ्या आयांनी मिळून फुलं पाठवली होती."

"मिळाली," ताई म्हणाली.

तिचा चेहरा मी पाहिला. छताकडे बघताना असायचा तसा होता. पुण्यातल्या इतक्या दुकानांतून आम्ही नेमक्या या दुकानात उभ्या होतो, आणि समोरच्या बाईच्या हातात मोबाइल होता.

मालक मधे पडले. सुनेच्या बाई म्हटल्यावर त्यांची भाषाच बदलली. "आपण बसा ना, खुर्ची घ्या. खरं सांगू का, मागच्या आठवड्यात बरीच कार्डं एकाने नेली. गाणी, सिनेमे भरून विकतो तो. आपलं त्यात गेलं असण्याचीच शक्यता जास्त. पण तो बहुतेक साफ करूनच भरतो."

"बहुतेक?" ताईने विचारलं.

"बहुतेक," ते म्हणाले, आणि जरा ओशाळले. "मी आत्ता त्याला फोन लावतो. पण त्याच्याकडे असे चार डबे असतात. काय बघायचं ते सांगितलंत तर तो शोधून बाजूला ठेवील. काय होतं त्यात?"

उत्सुकता ताणायची माझी सवय आहे, पण इथे ताणत नाही. कार्ड मिळालं नाही. त्या माणसाने शोधलं म्हणे, खरं खोटं त्याला माहीत. ते पुसलं गेलं असेल, त्यावर कोणीतरी सिनेमा भरला असेल, किंवा ते तसंच कुठेतरी असेल. आजही अनोळखी क्रमांकावरून ताईला काही आलं की ती ते उघडत नाही. दोन दोन दिवस तसंच ठेवते, मग मला बोलावते आणि मी उघडून बघेपर्यंत गॅलरीत जाऊन उभी राहते. कोणीतरी सदनिकेची जाहिरात पाठवलेली असते. पातेलं आणि झाकण मी तेव्हाच कामवाल्या बाईंना देऊन टाकलं. त्याने काही फरक पडला नाही.

तर, काय होतं त्यात, असं मालकांनी विचारलं. त्यांचं बोट फोनच्या आकड्यांवर होतं. सून खुर्ची पुसत होती. पुढे दोन कॉलेजची मुलं हेडफोन निवडत होती आणि एक गृहस्थ पंख्याचा रिमोट घेऊन उभे होते. ताई वह्यांच्या पिशवीचा पट्टा धरून उभी होती. सांगितलं तर वर्षभर जपलेलं इथल्या इथे फुटणार, न सांगितलं तर शोधणारा शोधणार काय?

मी पटकन पुढे झाले. खोटं बोलण्यात मी तरबेज आहे.

"ट्रिपचे फोटो आहेत," मी म्हणाले. "घरगुती. महाबळेश्वर."

"म्हणजे निसर्ग वगैरे," मालक म्हणाले. "तसे तर सगळ्यांतच असतात हो. काही खूण?"

"बाई, कधी गेला होतात महाबळेश्वरला?" सुनेने कौतुकाने विचारलं.

आणि माझी ताई, जिने शाळेला, शेजाऱ्यांना, आमच्या मामेभावंडांना कोणालाच काही कळू दिलं नव्हतं, ती शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाली,

"महाबळेश्वर कसलं, माझी छाती आहे त्यात, एकच, दुसरी कापून काढलीय, लावा त्याला फोन."